तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : किरणं दिलेली संत्री

मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर चार ओळींची चौकट होती. अमेरिकेतल्या टेक्सासचं लालभडक 'रिओ रेड' ग्रेपफ्रूट हे अणुसंशोधनाच्या प्रयोगशाळेत किरणं दिलेल्या काडीपासून आलंय, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, काही लांबलचक होते ते थोडे छाटलेत.

प्रश्न : चौकट वाचून आमच्या घरात वाद झालाय. सासूबाई म्हणतात रेडिएशन दिलेलं फळ म्हणजे विषच, कॅन्सरच्या पेशंटला देतात तेच ना ते. आणि आपल्या हापूसलाही देतात म्हणे. मग नक्की काय खायचं नाही ते एकदाच सांगून टाका.
– एक वाचक, डोंबिवली

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. कोबाल्ट-६० मधून निघणारी गॅमा किरणं कॅन्सरच्या उपचाराला वापरतात आणि झाडांसाठीही तीच वापरतात. पण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्यात, त्या आधी सुट्या करू.

हापूसला किरणं देतात ती फळालाच. २००७ पासून अमेरिकेत जाणारा आंबा लासलगावच्या केंद्रात, नंतर वाशीलाही, किरणांखालून काढायला लागले, कारण कोयीतला भुंगा आणि फळमाशी तिकडे जायला नकोत. त्याचा डोस किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं माप). तिथे जातीबितीचा काही संबंध नाही, पेटी आत गेली, किडा निकामी झाला, पेटी बाहेर आली.

रिओ रेडचं तसं नाही. त्या फळाने किरण म्हणून कधी बघितलेलाच नाही. १९६३ साली एका झाडाच्या काड्या न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत नेऊन त्यांना न्यूट्रॉनचा मारा दिला, त्या काडीच्या डोळ्यातून, म्हणजे फुटणाऱ्या कळीतून, एक झाड झालं, त्याच्यावरून दुसरं, त्याच्यावरून तिसरं, असं करत करत आज जे फळ दुकानात येतं ते त्या काडीच्या कितव्या पिढीतलं आहे ते मोजणंही अवघड. काडीत बदल झाला तो डीएनएमधल्या अक्षरांचा, आणि पुढे गेला तो तेवढाच.

आता वस्तू स्वतः किरणं फेकायला लागते का? कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (किरणांची ऊर्जा मोजायचं माप) इतकी असते, अणूच्या केंद्रकात फेरफार करून त्याला किरणोत्सारी बनवायला एवढी पुरत नाही. म्हणून आंबाही होत नाही आणि काडीही होत नाही. न्यूट्रॉन वापरले तर काडीत अगदी थोडी किरणोत्सारिता येऊ शकते, हे लपवायचं कारण नाही, पण ती त्या बोटभर काडीत होती, साठ वर्षांपूर्वी. खा बिनधास्त. एक मात्र सांगायला हवं, ग्रेपफ्रूट काही औषधांबरोबर चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्याने वाढतं. सासूबाईंच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच द्या. ग्रेपफ्रूटच्या बाबतीत खरी भीती असली तर ती ही आहे, पण तिच्याबद्दल एकही पत्र आलं नाही बघा.

प्रश्न : म्हणजे रिओ रेड हे निसर्गाने केलेलं फळ की माणसाने? मला तरी हा निसर्गाशी खेळ वाटतो.
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

सर, या फळाचा पूर्ण इतिहास सांगतो मग तुम्हीच ठरवा.

ग्रेपफ्रूट हे मुळात पपनस आणि गोड संत्रं (आपली मोसंबी ज्या गटात येते तो गट) यांचा संकर. कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर अठराव्या शतकात तो आपोआप झाला, कोणी केला नाही. सुरुवातीची ग्रेपफ्रूटं आतून पांढरी होती. मग फ्लोरिडात १९१३ साली एका पांढऱ्या झाडाच्या फांदीला गुलाबी फळं दिसली, ती झाली 'थॉम्पसन'. पुढे १९२९ मध्ये टेक्सासच्या मॅकॅलन गावाजवळ हेनिंगर नावाच्या बागायतदाराला त्याच्या गुलाबी झाडाच्या एका फांदीवर लाल फळं सापडली, त्याने ती फांदी ओळखली, कलमं केली आणि १९३४ ला 'रूबी रेड'चं पेटंटही घेतलं. इथपर्यंत प्रयोगशाळा नाही, किरणं नाहीत, फांदीच्या एका पेशीत चूक झाली आणि कोणाचंतरी तिच्याकडे लक्ष गेलं. बागेतली माणसं याला 'स्पोर्ट' म्हणतात.

गंमत अशी की रूबी रेडचा रंग हंगामाच्या शेवटी शेवटी फिका पडायचा. 'हडसन' नावाचं दुसरं एक होतं, ते आतून गडद लाल पण एका फळात चाळीस-पन्नास बिया, कोण खाणार? तेव्हा टेक्सासच्या वेस्लाको गावातल्या सिट्रस केंद्रात डॉ. रिचर्ड हेन्झ काम करत होते. त्यांनी विचार केला की निसर्ग पन्नास वर्षांत दोन स्पोर्ट देतो, आपण जरा घाई करू. १९५९ साली हडसनच्या बियांना न्यूट्रॉनचा मारा दिला, त्यातून आलेल्या एका रोपाला जवळजवळ बिनबियांची, गर्द लाल फळं धरली. ती १९७० साली 'स्टार रूबी' म्हणून बाहेर आली. फळ सुंदर, पण झाड नाजूक. पानं पिवळी पडतात, तणनाशक जरा लागलं की मान टाकतं, मुळकुजीला लवकर बळी पडतं. किरणं मारली की हवा तेवढाच बदल मिळतो असं नाही, सोबत काय काय येतं ते झाड मोठं झाल्यावर कळतं.

रिओ रेडची कथा आणखी मजेशीर आहे. १९६३ मध्ये रूबी रेडच्या काड्यांना किरणं दिली, त्यातून एक बरं झाड निघालं, त्याचं नाव ए अँड आय १-४८. पण खरं रिओ रेड हे नाहीच! या १-४८ च्या एका झाडावर १९७६ मध्ये हेन्झना एक फांदी दिसली जिची फळं त्याच्याहूनही लाल होती, म्हणजे किरणं दिलेल्या झाडावर परत एक नैसर्गिक स्पोर्ट. ती फांदी १९८४ साली रिओ रेड म्हणून प्रसारित झाली. योगायोग बघा, १९८३ च्या डिसेंबरात टेक्सासमध्ये बर्फासारखी थंडी पडून बागाच्या बागा जळाल्या होत्या, १९८९ ला पुन्हा तेच झालं, शेतकऱ्यांना नवीन लागवड करायचीच होती आणि हातात नवीन जात होती. आज तिकडे जास्त करून तीच आहे.

आता यात निसर्ग कुठे संपला आणि माणूस कुठे सुरू झाला ते मला तरी सांगता येणार नाही. आपली मोसंबी, नाभीवालं नॅव्हल, वलेन्सिया, आतून रक्तासारखं ब्लड ऑरेंज, ही सगळी पपनस आणि मँडरिन (आपला नागपुरी संत्रा ज्या गटात येतो तो गट) यांच्या एकाच जुन्या संकराची लेकरं आहेत, आणि त्यांच्यातले फरक बहुतेक फांदीवर झालेल्या अशा चुकांमधूनच आलेत. ब्लड ऑरेंजचं तर नेमकं कारणही सापडलंय. डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा 'रूबी' नावाच्या जनुकाशेजारी जाऊन बसला, थंडी पडली की तो जनुक जागा होतो आणि गर लाल होतो, इंग्लंडच्या जॉन इनेस सेंटरने २०१२ मध्ये ते दाखवलं. (हा लाल जांभळाच्या जातीचा आणि ग्रेपफ्रूटचा लाल टोमॅटोच्या जातीचा, दोन्ही रंगद्रव्यं वेगळी.) खेळ म्हणायचा तर हा खेळ झाडं स्वतःशीच हजारो वर्षं खेळतायत.

प्रश्न : आमची आठ एकर संत्रा बाग आहे. व्यापारी आता बियांवरून भाव पाडून मागतो, म्हणतो मॉलवाल्याला बिनबियांचा पाहिजे. मी स्वतःच्या झाडाच्या डोळकाड्या ट्रॉम्बेला नेऊन किरणं मारून आणल्या तर बिनबियांचा संत्रा होईल का? किती वर्षं लागतील, किती खर्च येईल? आणि डिंक्यावर पण याने काही इलाज होतो का?
– एक बागायतदार, ता. वरुड, जि. अमरावती

दादा, तुमचा प्रश्न सगळ्यात कामाचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बी का जाते ते आधी. गॅमा किरण पेशीतून जाताना गुणसूत्रं तोडतो. पेशी ती परत जोडते, पण कधी कधी तुकडे उलटे जोडले जातात, कधी एका गुणसूत्राचं शेपूट दुसऱ्याला लागतं. झाड त्यानेही नीट वाढतं, पानं-फांद्यांना काही अडत नाही. अडतं ते फुलात. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात, त्या जुळत नाहीत आणि पराग वांझ निघतो, बीजांड पोकळ राहतं. लिंबूवर्गातल्या बऱ्याच जाती बी नसतानाही फळ धरतात, म्हणून फळ येतं आणि आत बी नसते. म्हणजे इथे बिनबियांचं करणारा एखादा खास जनुक शोधावा लागत नाही, नुसती मोडतोड पुरते, त्यामुळे लिंबूवर्गात किरणांनी जे काही साधलंय त्यात बी कमी करणं हे सगळ्यात पुढे आहे.

आता पद्धत. काड्यांना साधारण ३० ते ६० ग्रेच्या आसपास डोस देतात. आधी थोड्या थोड्या काड्यांवर वेगवेगळे डोस देऊन बघतात, ज्याला निम्मे डोळे जगतात त्याच्या जवळपासचा धरतात. जास्त झाला तर डोळा फुटतच नाही. लासलगावला कांद्याला कोंब येऊ नये म्हणून देतात तो डोसही शंभर ग्रेच्या आतच आहे, तिथे कोंब मारायचाय, इथे तो अर्धमेला करून जगवायचाय, एवढाच फरक.

जगलेला डोळा खुंटावर (खालच्या मुळांच्या रोपावर) भरला की जी फांदी येते ती मात्र गोधडी असते. डोळ्यात पुष्कळ पेशी असतात, किरणाने प्रत्येकीत वेगळं काहीतरी केलेलं असतं, बऱ्याच जणींत काहीच केलेलं नसतं. त्या फांदीवरून परत डोळे घ्यायचे, परत भरायचे, परत त्यावरून घ्यायचे, असं दोन-तीनदा केल्यावर एकसारखी फांदी मिळते. ही पायरी गाळली तर पहिल्या वर्षी बिनबियांचं दिसलेलं झाड चौथ्या वर्षी अचानक बिया द्यायला लागतं.

मग ती झाडं शेतात लावायची. एखादं चांगलं झाड हाती लागायला शेकडो, खरं तर हजाराच्या घरात झाडं बघावी लागतात. २० बाय २० फुटांवर एकरी १०८ झाडं बसतात, म्हणजे हजार झाडांना सव्वानऊ एकर, तुमची सगळी बाग आणि वर सव्वा एकर. चार-पाच वर्षं फळाची वाट, मग तीन-चार बहार प्रत्येक झाडाची फळं कापून बिया मोजायच्या, आणि हे करताना शेजारी बियांची झाडं मुद्दाम लावायची, कारण परका पराग आल्यावरही बी धरत नाही हे सिद्ध व्हायला पाहिजे. त्यातून निवडलेली पाच-दहा परत वेगवेगळ्या ठिकाणी लावून बघायची. कॅलिफोर्नियाच्या 'टँगो'ला (किरणांनीच केलेलं कमी बियांचं मँडरिन, पुढे येतंच) १९९५ ते २००६ अशी अकरा वर्षं लागली आणि ती या धंद्यात झटपट समजतात. रिओ रेडला एकवीस.

किरणं मारायचं काम काही मिनिटांचं आहे, स्वस्तही आहे. महाग आहे ती पुढची दहा-पंधरा वर्षं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हे भुईमूग, उडीद, मुगात करून दाखवलंय, टीएयू-१ उडीद १९८५ ला अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर आला आणि आपल्याकडच्या मोठ्या क्षेत्रावर पसरला, टीएजी-२४ भुईमूग तुम्हाला माहीतच असेल. पण उडीद तीन महिन्यांत घरात येतो, वर्षात दोन पिढ्या बघता येतात. संत्र्याला ती सोय नाही. म्हणून माझं स्पष्ट मत, एकट्याने याच्या मागे लागू नका. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने निवड पद्धतीने बिनबियांचा नागपुरी संत्रा काढलाय, आधी त्याची कलमं कुठे मिळतात, तुमच्या भागात कोणी लावलाय का, त्याला उत्पन्न कसं येतं ते जाऊन बघा.

आणि एक काम फुकटातलं आहे. तुमच्या बागेत, शेजाऱ्याच्या बागेत एखाद्या झाडाची एखादी फांदी वेगळी आहे का, बिया कमी, रंग लवकर, साल पातळ, ते तोडणीच्या वेळी बघत जा. तोडणारे मजूर हे तुमच्या-माझ्यापेक्षा आधी ओळखतात, त्यांना सांगून ठेवा. फांदीला रंगाची पट्टी बांधा, दोन बहार तेच दिसलं तर संस्थेला कळवा. हेनिंगरने टेक्सासमध्ये यापेक्षा वेगळं काही केलं नव्हतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, हेही लक्षात असू द्या.

डिंक्याचं विचाराल तर तो जमिनीतल्या फायटोफ्थोरा बुरशीचा आजार, तो खुंटावर, निचऱ्यावर आणि बुंध्याशी साचणाऱ्या पाण्यावर ठरतो. वरच्या काडीला किरणं मारून त्यात काही फरक पडणार नाही. पन्हेरी (कलमी रोपं) घेताना डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरलेला घ्या आणि लावताना तो मातीत पुरू नका, एवढ्याने निम्मं काम होतं.

प्रश्न : आम्हाला म्युटेशन ब्रीडिंगचा एक चॅप्टर आहे पण सर म्हणतात हे आता जुनं झालं, सगळं क्रिस्परवर चाललंय. मग लिंबूवर्गात अजून हे का करतात? साधं क्रॉसिंग का नाही करत? आणि हे जीएम मध्ये येतं का?
– बी.एस्सी. ॲग्रीची विद्यार्थिनी, अकोला

क्रॉसिंग का नाही, तर लिंबूवर्गाचं बी फार लबाड असतं. तू दोन जातींचा संकर करतेस, बी पेरतेस, एका बीतून तीन-चार रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईची हुबेहूब नक्कल असतात, कारण ती बीजांडाच्या भोवतीच्या न्यूसेलस नावाच्या ऊतीतून आलेली असतात, बापाचा त्यात काही वाटाच नाही. खरं संकरित रोप असलं तर त्या गर्दीत दबून मरतं. जगलं तरी बीपासूनच्या झाडाला फळ यायला पाच-सात वर्षं, काट्यांनी भरलेलं असतं ते वेगळंच. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की नागपुरी संत्रा कशाशीही क्रॉस केला की पोर नागपुरी संत्रा राहत नाही, चव, साल, सुटी फोड सगळंच हलतं. बाजाराला तर तोच संत्रा पाहिजे, फक्त बी नको. एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचं होतं तसं ठेवायचं, हे म्युटेशनला जमतं.

मुलरने १९२७ ला फळमाशीवर आणि स्टॅडलरने १९२८ ला बार्लीवर एक्स-रे वापरून म्युटेशन घडवून दाखवलं, म्हणजे पद्धत जुनी आहेच, सर चुकीचं सांगत नाहीयेत. जगभरात या मार्गाने आलेल्या वाणांची जी यादी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) मिळून ठेवतात त्यात तीन हजारांच्या वर नोंदी आहेत.

क्रिस्परने नेमका जनुक कापता येतो, पण कोणता कापायचा हे आधी माहीत लागतं. कॅन्कर म्हणजे खैऱ्या रोगाचा जिवाणू सीएसएलओबी१ नावाचा जनुक चालू करून झाडाला फोड आणतो हे कळलं, मग फ्लोरिडात ग्रेपफ्रूटमध्ये तो जनुक संपादित करून बघितला आणि रोगाला आळा बसलेला दिसला. ग्रीनिंग रोगाने २००५ पासून फ्लोरिडाच्या बागांचं जे वाटोळं केलंय ते बघता तिकडे सगळ्यांचं लक्ष संपादनाकडेच आहे. पण संपादित पेशीपासून पूर्ण झाड वाढवणं नागपुरी संत्र्यासारख्या मँडरिनमध्ये कटकटीचं काम आहे, आणि 'बी कमी कर' म्हणायला त्याची गरजही नाही. ज्याचा जनुक माहीत आहे तिथे क्रिस्पर, जिथे काय होईल ते बघू असं आहे तिथे गॅमा. दोन्ही राहतील असं मला वाटतं.

नियमांचं असं आहे की किरणांनी केलेलं म्युटेशन आपल्याकडे जीएमच्या (जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या) परवानगीत येत नाही. युरोपच्या कोर्टाने २०१८ मध्ये गमतीदार निकाल दिला, म्युटेशनने केलेली सगळीच झाडं व्याख्येने जीएम आहेत पण जुन्या पद्धतींना सूट आहे, नव्यांना नाही! आपल्याकडे २०२२ मध्ये परका जनुक न घालता केलेल्या संपादनाला सूट मिळाली आणि २०२५ ला तशा दोन भातजाती जाहीरही झाल्या. चॅप्टर नीट वाच, परीक्षेत 'कायमेरा' येतोच, वरुडच्या दादांना गोधडी म्हणून जे सांगितलं ते तेच.

प्रश्न : इकडे सोललं की पटकन सुटणारी छोटी मँडरिन्स पिशवीतून येतात, मुलं डब्यात नेतात. मागच्या वर्षी एका शेतावर गेलो होतो तिथे झाडांवर अख्खी जाळी टाकलेली आणि शेजारच्या शेतावर तीच झाडं उघडी, शेतकरी म्हणाला ती टँगो आहेत त्यांना मधमाशी चालते. हे काय प्रकरण आहे?
– एक वाचक, फ्रेस्नो, कॅलिफोर्निया

तुम्ही नेमकं बघितलंत. जाळीखालची झाडं बहुधा 'डब्ल्यू मरकॉट' असणार. मोरोक्कोतून आलेली ही जात, तिकडे 'नाडोरकॉट' किंवा 'अफूरेर' म्हणतात. एकटी असली की बिनबियांची, पण मधमाशी दुसऱ्या जातीचा पराग घेऊन आली की एका फळात दहा-वीस बिया. तुमच्याकडे आजूबाजूला संत्र्या-लिंबांच्या बागा आणि शिवाय बदामाच्या बहरासाठी देशभरातून आलेल्या मधमाश्यांच्या पेट्या. मँडरिनवाले म्हणाले पेट्या लांब न्या, मधवाले म्हणाले आम्ही इथे आधीपासून आहोत, काही वर्षं जोरदार भांडण चाललं, शेवटी ज्याला परवडलं त्याने जाळी टाकली.

रिव्हरसाइडच्या विद्यापीठात मायकेल रूज आणि टिम विल्यम्स यांनी याच डब्ल्यू मरकॉटच्या काड्यांना १९९५ मध्ये गॅमा किरणं दिली आणि त्यातून टँगो निघालं. फळ चवीला-दिसायला जवळजवळ तेच, पण परागही वांझ आणि बीजांडही, त्यामुळे मधमाशी कितीही आली तरी सरासरी पाच फळांत एक बी. वर हे की टँगोचा पराग शेजाऱ्याच्या बागेतही बी धरवत नाही. जाळीचा खर्च वाचला, भांडण मिटलं.

याच लोकांनी 'किन्नू एलएस' म्हणून कमी बियांचा किन्नूही (हेही एक मँडरिनच) काढलाय. किन्नू मूळचा तिथलाच, फ्रॉस्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९१५ ला संकर केला, १९३५ ला सोडला. कॅलिफोर्नियाने त्याला फारसं विचारलं नाही आणि पंजाबात, अबोहरला आणि पलीकडे पाकिस्तानात त्याने राज्य केलं. लुधियानाच्या कृषी विद्यापीठानेही किरणांच्याच वाटेने स्वतःचा कमी बियांचा किन्नू तयार केलाय. तुमच्याकडे भारतीय दुकानात किन्नू मिळाला तर आणून बघा, रस टँगोपेक्षा मला तरी उजवा वाटतो, बिया मात्र मोजत बसाल.

प्रश्न : एका नर्सरीवाल्याने मला 'न्यूक्लिअर मोसंबी' म्हणून जास्त दराने कलमं दिली, म्हणाला अणुकेंद्रातली आहेत, बी येणार नाही, रोग येणार नाही. खरं असेल का?
– एक शेतकरी, जि. जालना

नाही हो. मोसंबीत 'न्यूसेलर' नावाचा प्रकार आपल्याकडे बरीच वर्षं आहे, वर विद्यार्थिनीला सांगितलं त्या न्यूसेलस ऊतीतून आलेल्या रोपापासून तो तयार झालाय. बीतून आल्यामुळे कलमाबरोबर पसरणारे बरेचसे विषाणू त्यात उतरत नाहीत, झाड जोमदार असतं, इतपत खरं. अणूशी काही देणंघेणं नाही. रोग येणार नाही असं कुठल्याच कलमाबद्दल कोणी छातीठोक सांगू शकत नाही, जो सांगतो त्याच्याकडून घेऊ नका. पावतीवर जातीचं नाव, खुंट कोणता (रंगपूर की जंबेरी) आणि नर्सरीचा परवाना क्रमांक आहे का बघा. नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या, आणि झाडं चांगली उभी राहिली असतील तर रागाच्या भरात उपटू नका, ती साधी न्यूसेलर निघाली तरी मोसंबी म्हणून वाईट नाही.

प्रश्न : आमच्या गॅलरीत कुंडीत लिंबाच्या बिया लावायच्या आहेत. त्या मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ फिरवल्या तर म्युटेशन होईल का? किंवा एअरपोर्टच्या स्कॅनरमधून नेल्या तर?
– इयत्ता नववी, ठाणे

मायक्रोवेव्हमध्ये फक्त शिजतील. त्या लहरींत डीएनए तोडायची ताकद नसते, त्या पाणी गरम करतात बस. स्कॅनरमध्ये एक्स-रे असतात, म्हणजे जात बरोबर पकडलीस, पण डोस इतका किरकोळ की पन्नास ग्रे व्हायला ती पिशवी कोट्यवधी वेळा पट्ट्यावरून न्यावी लागेल आणि सुरक्षारक्षक तिसऱ्याच फेरीला विचारेल.

बिया न वाळवता, धुवून लगेच लाव, वाळल्या की उगवण कमी होते. एका बीतून दोन-तीन कोंब आले तर घाबरू नकोस, ते वर सांगितलेलं आईच्या नकलांचं प्रकरण. त्यांच्यात एखादं रोप पानाने, काट्याने अगदी वेगळं दिसलं तर ते वेगळ्या कुंडीत लाव आणि तारीख लिहून ठेव. फळ बघायला कॉलेज संपत येईल तुझं, आणि गॅलरीत किमान सहा तास ऊन नसेल तर तेव्हाही नाही.